दसऱ्याचं तोरण, आजोबांची धोतरं आणि अकरा भेटी

आम्ही नाशिकला सिडकोत राहतो. घरात पाच माणसं: मुलांचे बाबा, सासूबाई, मी, अकरा वर्षांची मुलगी आणि सात वर्षांचा मुलगा. मी घरी शिलाई करते, ब्लाउज, फॉल-पिको, शाळेचे गणवेश. बाबा अंबडमधल्या एका कारखान्यात आहेत. २०२४ च्या गणपतीनंतर त्यांचा ओव्हरटाइम बंद झाला आणि बोनस निम्मा आत्ता, निम्मा मार्चमध्ये, असं कळलं. त्याआधीच्या दिवाळीत आम्ही भेटवस्तूंवर बेचाळीसशे रुपये खर्च केले होते. दोन नणंदांना साड्या, बाकीच्यांना सुक्या मेव्याचे खोके. या वेळी सहाशेच्या वर काही निघणार नव्हतं आणि यादीत नावं दहा होती. अकरावं नाव नंतर आलं.

भेटी घरातल्याच वस्तूंपासून मुलांनी करायच्या, असं ठरलं. ते कसं झालं, काय चुकलं आणि शेवटी खरा खर्च किती आला, ते सगळं लिहून ठेवते आहे. ज्या बायका माझ्याकडे ब्लाउज टाकायला येतात त्यांनी भेटींसाठी शिवलेल्या कापडी पिशव्या बघून बरंच विचारलं, आणि दर वेळी तोंडी सांगताना मी चुकांचा भाग गाळत होते. तोच भाग जास्त उपयोगाचा आहे.

पहिला रविवार वाया गेला

६ ऑक्टोबरला, म्हणजे दसऱ्याच्या आधीच्या रविवारी, मुलांनी सुरुवात केली ती शाळेत शिकवतात तशी. ‘टाकाऊतून टिकाऊ’. सरबताच्या काचेच्या बाटलीला रंग, त्यावर चमकी, गळ्याशी लेस. आइस्क्रीमच्या काड्यांचा पेनस्टँड. जुन्या सीड्यांचं भिंतीवरचं फूल. त्यासाठी मी रंग, चमकी आणि गोंदाची मोठी ट्यूब आणून दिली. एकशे चाळीस रुपये. सहाशेतले जवळपास पाव भाग पैसे पहिल्याच दिवशी गेले, तेही ‘घरातल्या वस्तूंपासून’ म्हणत असताना.

बाटली दिसायला छान झाली होती. ती वाळत ठेवलेली असताना मुलगी म्हणाली, “आई, गेल्या वर्षी मी शाळेत केलेली बाटली कुठे आहे गं?” मी दिवाळीच्या साफसफाईत ती घंटागाडीत टाकली होती. मी तिला तसं सांगितलं. ती रडली नाही, पण बराच वेळ त्या बाटलीकडे बघत बसली. मग म्हणाली, “म्हणजे आत्या पण टाकणार.”

माझी सिन्नरची नणंद दोन खोल्यांत राहते. घरात चार माणसं, फळीवर डबे एकावर एक. तिथे ही बाटली ठेवायला जागाच नाही. तिने ती मायेने ठेवून घेतली असती आणि पुढच्या दिवाळीला, आम्ही टाकली तशीच, टाकली असती. आपण घरातला कचरा रंगवून दुसऱ्याच्या घरी पोचवत होतो, असं मला त्या क्षणी फार स्पष्ट दिसलं. चमकी लावलेली बाटली तर काचेच्या भंगारातही कोणी सहज घेत नाही. म्हणजे रंगवल्याने ती जास्तच टाकाऊ झाली होती.

त्या रात्री आम्ही क्रम उलटा केला. आधी वस्तू नाही, आधी माणूस. एका खासगी बँकेचं जुनं कॅलेंडर होतं, मागे कोरं असलेलं (घरातल्या मराठी कॅलेंडरच्या मागे एवढा मजकूर असतो की त्यावर बोट ठेवायला जागा नसते), त्याच्या पाठीवर दहा नावं लिहिली आणि प्रत्येक नावापुढे एकच प्रश्न: ह्यांना रोज कशाचा त्रास होतो?

मला वाटलं होतं उत्तरं मी देणार आणि मुलं लिहून घेणार. झालं वेगळंच. धाकटा म्हणाला, व्हॅनचे काका पावसात समोरची काच स्वतःच्या खिशातल्या रुमालाने पुसतात आणि मग तोच रुमाल तोंडाला लावतात. मुलगी म्हणाली, सिन्नरच्या आत्याची कोथिंबीर सडते. ती आठवड्याच्या बाजारातून एकदम आणते, प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवते आणि तिसऱ्या दिवशी काळं पाणी सुटतं. तळमजल्यावरच्या आजोबांना मोबाइलमधले नंबर दिसत नाहीत, ते कोणालातरी हाक मारून लावून घेतात. आजोळच्या आजीचे गुडघे दुखतात, ते सगळ्यांनाच माहीत होतं. पण ती शेकायची पिशवी गरम पाण्याने भरताना हात भाजून घेते, हे मुलीने मे महिन्यात पाहिलं होतं आणि मला सांगितलं नव्हतं. कोणी विचारलंच नव्हतं.

ट्रंक

कापड लागणार हे उघड होतं. माझ्याकडे चिंध्या पोत्याने असतात, पण त्या ब्लाउजपिसाच्या, बोटभर रुंदीच्या, आणि निम्म्याहून जास्त टेरिकॉट, म्हणजे पॉलिएस्टर मिसळलेल्या. कोथिंबिरीच्या पिशवीला विरळ सुती कापड हवं, म्हणजे पाला श्वास घेतो आणि ओल टिपली जाते.

सासूबाई ऐकत होत्या. त्या उठल्या आणि पलंगाखालची ट्रंक ओढली. सासऱ्यांना जाऊन तेव्हा तीन वर्षं झाली होती. त्यांची सहा धोतरं, धुऊन, घडी करून, मध्ये कडुनिंबाचा पाला घालून ठेवलेली. मऊसूत, धुऊन धुऊन विरळ झालेली, नेमकी आम्हाला हवी होती तशी. मी काही बोलले नाही. त्याच म्हणाल्या, “कसर लागून जाण्यापेक्षा पोरांच्या हातून जाऊ देत. पाच घ्या. एक राहू दे.”

ही टाकाऊ वस्तू नव्हती, हे इथे लिहायलाच हवं. मुलांनाही ते कळलं. धाकट्याने बाटलीला ब्रश मारताना निम्मा रंग फरशीवर सांडला होता. धोतराला हात लावण्याआधी तो न सांगता हात धुऊन आला.

पांढरं धोतर तसंच द्यायला मात्र सासूबाईंचा विरोध होता. सणाला पांढरं कोरं कापड द्यायचं नाही. तिथून रंगाचा विषय निघाला.

झेंडू

दसरा १२ ऑक्टोबरला, शनिवारी होता. दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या घरचं तोरण, शेजारच्या सहा घरांची तोरणं, बिल्डिंगखालच्या स्कूटरचे आणि रिक्षांचे हार असं सगळं मुलांनी मागून आणलं. कोपऱ्यावरच्या फुलवाल्याने उरलेली टोपलीभर फुलं तशीच दिली, नाहीतर तो ती गाईला घालणार होता. मिळून तीन किलोच्या आसपास झेंडू झाला. देवाला वाहिलेली फुलं घ्यायची नाहीत, तोरणाची आणि गाडीची चालतील, हा नियम सासूबाईंचा. तो आम्ही पाळला.

झेंडूने सुती कापड रंगतं, पण नुसत्या फुलांच्या पाण्यात बुडवलं तर पहिल्या धुण्यात रंग उतरतो. रंग धाग्याला धरून ठेवायला तुरटी लागते. प्रमाण साधारण असं: कोरड्या कापडाच्या वजनाच्या पाचव्या हिश्शाइतकी तुरटी गरम पाण्यात विरघळवायची, त्यात कापड रात्रभर ठेवायचं. फुलं मात्र कापडाच्या दुप्पट वजनाची हवीत. फक्त पाकळ्या घ्यायच्या, हिरवे देठ काढून टाकायचे, पाऊण तास मंद उकळायचं, पाणी गाळायचं आणि मग त्या पाण्यात ओलं कापड घालून पुन्हा पाऊण तास. वाळवायचं सावलीत.

हे सगळं मला माहीत होतं असं नाही. अर्धं माहीत होतं, आणि पहिला घाणा त्या अर्ध्या माहितीवर निघाला.

एक धोतर आणि बाबांचा एक जुना शर्ट आम्ही एकत्र रंगवले. मोठं पातेलं हाताशी नव्हतं म्हणून लोखंडी कढई घेतली. कढईतलं पाणी सोनेरी होतं, पण कापड वर काढलं तेव्हा ते पिवळं नव्हतंच. शेवाळी हिरवं झालं होतं. शर्ट जवळपास पांढराच राहिला. धोतरावरही हातभर पट्टे फिकट होते.

तिन्ही गोष्टींची कारणं नंतर लागली. लोखंडाचा अंश पाण्यात उतरला की झेंडूचा पिवळा काळपट हिरव्याकडे झुकतो. रंगारी मुद्दाम गंजलेले खिळे घालून हा रंग काढतात. शर्ट टेरिकॉटचा होता आणि पॉलिएस्टरचा धागा असा रंग घेतच नाही. फिकट पट्टे खळीचे होते. सासरे धोतराला खळ घालायचे, ती घडीच्या जागी अजून बसलेली होती. कापड आधी धुण्याच्या सोड्यात उकळून घ्यायला हवं होतं.

मी कपाळाला हात लावला. मुलं मात्र त्या हिरव्यावर फिदा होती. धाकटा धोतर दोन्ही हातांत धरून सगळ्यांना दाखवत होता की पिवळ्या फुलातून हिरवा रंग निघाला. तो घाणा टाकून द्यायचा माझा विचार होता. तो टाकला नाही, आणि शेवटी हिरव्या पिशव्यांनाच जास्त मागणी आली.

दुसऱ्या घाण्याला नाशिकच्या रविवार कारंजा चौकाजवळच्या काष्ठौषधीच्या दुकानातून हिरड्याची पूड आणली. सुती कापड आधी हिरड्याच्या पाण्यात भिजवून वाळवलं आणि मग तुरटीत घातलं तर रंग जास्त घट्ट बसतो. सुताला नुसती तुरटी तितकीशी धरत नाही. भांडं घेतलं पोचे आलेलं ॲल्युमिनियमचं पातेलं, आणि ते कायमचं बाजूला ठेवलं. रंगाचं भांडं पुन्हा स्वयंपाकाला वापरायचं नाही. ती कढईही आम्ही रंगासाठीच ठेवली. या वेळी कापड हळदीसारखं नाही, गावठी तुपासारखं पिवळं झालं. उरलेल्या पाकळ्या पेपरवर पसरून वाळवल्या, कारण वाळलेल्या पाकळ्यांचाही रंग निघतो.

कामाची वाटणी वयाप्रमाणे आपोआप झाली. पाकळ्या खुडणं, कापड पिळणं आणि सेफ्टी पिनने नाडी ओवणं धाकट्याचं. मोजमाप, खडूने आखणं आणि धावदोरा मुलीचा. मशीन आणि गॅस माझा. यात मी तडजोड केली नाही. उकळत्या पातेल्याजवळ मुलांना येऊ दिलं नाही, कितीही मागे लागली तरी.

कोणाला काय

दोन्ही आत्या, मावशी, शेजारच्या काकू आणि मुलीच्या शिकवणीच्या बाई, या पाच जणींना कोथिंबीर-मेथीसाठी नाडीच्या पिशव्या, प्रत्येकी तीन. नाड्या जुन्या परकरांच्या. व्हॅनच्या काकांना विटक्या टर्किश टॉवेलची दोन जाड पुसणी, आरशाला अडकवायला कोपऱ्यात फासा घालून. तळमजल्यावरच्या आजोबांना मुलीने कॅलेंडरच्या कोऱ्या पाठीवर बोटभर उंचीच्या अक्षरांत नऊ फोन नंबर लिहून दिले, मागे मिठाईच्या खोक्याचा पुठ्ठा, चिकटवायला मैद्याची खळ. त्याला एक रुपयाही लागला नाही. आजोळच्या आजीला जुन्या जीनच्या पायाची शेकाची पिशवी, आत जाडं मीठ. तव्यावर कोरडीच गरम करायची, गरम पाण्याची भानगड नाही. अशा पिशवीला शंभर टक्के सुतीच कापड लागतं, सिंथेटिक तव्यावर वितळतं. म्हणून जीनही ताणणारी नाही, जुन्या जाड कापडाची शोधली.

मामाला लोणचं पाठवलं, त्यामागे एक अडचण होती. घरात काचेच्या सात बरण्या जमल्या होत्या, चार कॉफीच्या आणि तीन लोणच्याच्या. चिवडा भरायचा म्हणून सगळ्या धुतल्या, उन्हात ठेवल्या. लोणच्याच्या बरण्यांचा वास काचेला राहत नाही, झाकणाच्या आतल्या पट्टीला राहतो आणि तो काही केल्या जात नाही. म्हणून लोणच्याच्या बरणीत लिंबाचं लोणचंच गेलं. चिवडा कॉफीच्या बरण्यांत गेला.

चिवडा वर्तमानपत्राच्या पुड्यांत बांधायची मुलांची कल्पना मी मोडून काढली. छापलेल्या कागदात खाण्याचं बांधायला २०१८ च्या अन्नसुरक्षा नियमांनी मनाई आहे, कारण शाईतले घातक पदार्थ तेलकट पदार्थात उतरतात. वडापाव आपण सगळे तसा खात आलो, म्हणून हे पोरांना पटायला वेळ लागला. चिवड्याचं तेल लागलेला पेपर उजेडात धरून दाखवला, बोटाला काळं लागलं, तेव्हा पटलं. वर्तमानपत्र वरच्या वेष्टनाला वापरलं.

सगळ्यात अवघड नाव घंटागाडीवरच्या ताईंचं होतं. मुलांनी त्यांच्यासाठी धोतराचा, डोक्याला बांधायचा रुमाल ठरवला होता. सासूबाई म्हणाल्या, “वर्षभर आपलं टाकलेलं ती उचलते. सणालाही तिला वापरलेलंच द्यायचं?” बाबांचं म्हणणं वेगळं होतं. आजोबांचं धोतर नणंदेला चालतं तर ताईंना का नाही, फरक केला तर तोच अपमान. दोघांचंही मला पटत होतं. पण नणंदेला ते धोतर कोणाचं आहे ते माहीत आहे, तिच्या बापाचं आहे. ताईंना ते नुसतं जुनं कापड दिसणार. शेवटी दीड मीटर नवं मांजरपाट, म्हणजे साधं जाडंभरडं सुती कापड, आणलं, ते त्याच झेंडूत रंगवलं आणि मुलीने त्याच्या चारही कडांना धावदोरा घातला. सोबत चिवड्याची बरणी. घरात जुनं आहे म्हणून ते प्रत्येकाला द्यावं असं नाही, आणि हे मुलांसमोर बोलून ठरलं याचं मला बरं वाटतं.

हिशेब

रंग, चमकी, गोंद १४० रुपये, ते वायाच. तुरटी २०, हिरडा ४०, मांजरपाट ९०, दोरा ३०, मीठ २०. चिवडा आणि लोणच्याचं वाढीव सामान २४०. एकूण ५८०. याशिवाय भाऊबीजेला दोन्ही नणंदांच्या ताटात बाबांनी १०१ रुपये घातले, मुलीने लग्नपत्रिकेपासून केलेल्या पाकिटातून. नुसती पिशवी द्यायला त्यांचं मन होईना आणि मी आग्रह केला नाही.

पण हा पूर्ण हिशेब नाही. दिवाळीच्या आधीचे तीन आठवडे म्हणजे शिलाईवाल्यांची सुगी. या कामात माझे चार रविवार गेले आणि दोन ब्लाउज मला परत करावे लागले. त्याचे पाचशे रुपये गेले. गॅस वेगळा. घरी केलेली भेट स्वस्त पडते, पण फुकट पडत नाही, आणि तो खर्च बहुतेक वेळा घरातल्या बाईच्या वेळेतून निघतो. मी पुन्हा करेन तर पिशव्यांची कटाई श्रावणातच करून ठेवेन आणि दसऱ्यानंतर फक्त रंगाचं काम उरेल असं बघेन. चमकी-रंग काढून टाकले असते तर खर्च ४४० वर आला असता, हेही आहेच.

अकरावं नाव

२ नोव्हेंबरला, पाडव्याच्या रात्री, धाकटा माझ्या कानाशी येऊन म्हणाला की उद्या ताई ओवाळणार आणि त्याच्याकडे ताटात घालायला काही नाही. दर वर्षी आम्ही त्याच्या हातात नोट देतो आणि तो ती ताटात टाकतो. या वेळी त्याला ते नको होतं. मी म्हटलं, तिला रोज कशाचा त्रास होतो? तो लगेच म्हणाला, “पिना सापडत नाहीत. मग ती माझ्यावर ओरडते.”

जुन्या साडीचा जरीचा काठ, हातभर लांब. एक धातूची बांगडी. काठाचं टोक बांगडीतून काढून दुमडायचं आणि चार टाके घालायचे, एवढंच काम. ते त्याने एकट्याने केलं. टाके वेडेवाकडे होते, मी सरळ केले नाहीत. बांगडी खिळ्याला अडकवायची आणि काठाला खाली सगळ्या पिना, क्लिपा लावायच्या. ३ तारखेला ओवाळून झाल्यावर त्याने ती ताटात ठेवली. ताईने तिथेच उठून ती आरशाशेजारी अडकवली आणि केसातली पिन काढून पहिली तिला लावली. ती पट्टी अजून तिथेच आहे.

बाकीच्या वस्तूंचं काय झालं तेही विचारलं. आजोबांचा तक्ता टीव्हीशेजारी लावलेला आहे, त्यात नंतर दोन नंबर वाढले. व्हॅनच्या काकांचं एक पुसणं आरशाला लटकलेलं दिसतं. शिकवणीच्या बाईंनी पिशव्या कोथिंबिरीला वापरल्या नाहीत, त्यात खडू ठेवले. आजीने शेकाची पिशवी पहिल्या महिन्यात वापरली, मग मिठाला पावसाळ्यात पाणी सुटलं आणि जीन ओली झाली. तिथे मिठाऐवजी वाळू भाजून भरायला हवी होती. घंटागाडीवरच्या ताई रुमाल बांधून आल्या त्या दिवशी मुलं खिडकीतून हलली नाहीत. तो रंग उन्हात फिका पडला. झेंडूचा पिवळा उन्हाला टिकत नाही, ते मी त्यांना आधी सांगायला हवं होतं.

सिन्नरच्या नणंदेने पिशव्या बघितल्या तेव्हा ती आधी काही बोलली नाही. कापड बोटांत घेऊन काठ शोधला. धोतराची बारीक किनार एका पिशवीच्या तोंडाशी आली होती. वडिलांना ती दादा म्हणायची. तिने विचारलं, “दादांचं आहे का हे?” सासूबाईंनी मान हलवली. त्या पिशवीत ती कोथिंबीर ठेवत नाही. बाकीच्या दोन रोज वापरते.

२०२४ साली तीन धोतरं लागली आणि २०२५ च्या दिवाळीला दोन. ट्रंकेत आता एकच आहे, आणि ते कापायचं नाही हे मुलांना पुन्हा सांगावं लागलं नाही.